चढलेली शीर

यांच्या डाव्या पायाला पोटरीच्या आतल्या बाजूनं एक शीर होती. हिरवी, फुगलेली, वाकडीतिकडी. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ती बघत होते. साच्यावर, म्हणजे मिलच्या मागावर, उभं राहणाऱ्या सगळ्यांच्याच पायाला तशा शिरा असायच्या, त्यामुळे तिचं कुणाला काही वाटत नव्हतं. कापडाच्या मिलमध्ये आख्खी पाळी उभ्यानं काढायची, एका साच्याकडून दुसऱ्या साच्याकडं नुसती नजर आणि हात पळवायचे, तर पाय दुसरं काय करणार. संध्याकाळी आमच्या चाळीतली माणसं ओट्यावर लुंगी वर करून बसली की कोण जुना आणि कोण नवा ते पोटऱ्यांवरून ओळखू यायचं.

बहात्तरचा दुष्काळ सरून थोडी वर्षं झाली होती. मी दुधनीची. घरी कानडी, शाळेत मराठी, सातवी झाल्यावर शाळा बंद आणि मग सोलापूर. घरात आम्ही तिघंच. हे, मी आणि यांची आई. तिला हे 'अव्वा' म्हणत, मी 'अत्ती' म्हणत असे. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. लेकरू अजून झालेलं नव्हतं आणि ते अत्ती मला रोज एकदा तरी ऐकवायची. मीही गप्प बसणारी नव्हते. "तुमचा लेक दिवसभर साच्याजवळ आणि संध्याकाळी काठीजवळ, लेकरू काय मी मारुतीला नवस बोलून आणू व्हय?" असं मी एकदा म्हणाले होते, तेव्हा ती आठवडाभर बोलली नव्हती. तो आठवडा मला फार सुखाचा गेला.

काठी म्हणजे गड्ड्याच्या जत्रेतला नंदीध्वज. सोलापुरात हे कुणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. संक्रांतीच्या वेळी ग्रामदैवताची जत्रा भरते, तिच्यात उंचच उंच, जाड, सजवलेल्या काठ्या मिरवत नेतात. एका वेळी एकच माणूस काठी पेलतो. कमरेला जाड पट्टा बांधायचा, त्यात काठीचा बुंधा बसवायचा आणि दोन्ही हातांनी तोल धरून अनवाणी चालायचं. थोडं अंतर झालं की दुसरा पुढं येतो. पहिल्या दिवशी काठ्या गावातल्या अडुसष्ट लिंगांना जातात, दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी देवाच्या लग्नाच्या अक्षता पडतात. आमच्या घरातला पुरुष पिढ्यान्‌पिढ्या काठीखाली गेलेला. सासरे गेले तेव्हा अत्तीनं म्हणे पहिला प्रश्न विचारला होता, "आता पट्टा कोण बांधणार?"

दिवाळी झाली की सराव सुरू होतो. त्या वर्षी सराव सुरू झाला आणि त्याच सुमारास साच्यातून धोटा उडाला. धोटा म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यांतून आडवा धावणारा लाकडी तुकडा, टोकांना लोखंड असलेला. तो कधी कधी बाहेर उडतो आणि लागेल त्याला लागतो. यांच्या पोटरीवर, नेमका त्या शिरेवर बसला. घरी आले ते लंगडतच. "काय न्हाय, धोट्यानं जरा पापा घेतला," म्हणाले. मी हळद लावली. त्यांनी जेवून लगेच सरावाला जायची तयारी केली.

थोड्या दिवसांनी निळं पडलेलं गेलं, पण शीर बदलली. ती आता मऊ राहिली नव्हती. बोटाखाली दोरीसारखी कडक लागायची, वरची कातडी लाल आणि हात ठेवला तर गरम. लुगड्याचा पदर लागला तरी ते दचकायचे. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. अत्ती म्हणाली, "डॉक्टर कशाला? शिरेवर शीर चढलीया. उतरवून घ्यायची." आमच्याकडं पायाला काहीही झालं, वांब आला, मुरगळलं, सुजलं, की शिरेवर शीर चढलेली असते. आणि ती उतरवायला आमच्या पेठेतल्या तालमीचे वस्ताद असायचे. निम्म्या पेठेची हाडं त्या माणसानं बसवलेली होती, आणि खरं सांगायचं तर चांगली बसवलेली होती.

पण त्या वेळी मी ऐकलं नाही. यांना ओढत मिलच्या दवाखान्यात नेलं.

तिथले डॉक्टर तरुण होते, बोलायला शुद्ध, जरा घाईचे. त्यांनी पाय टेबलावर घ्यायला लावला, हलक्या बोटानं ती दोरी खालून वर चाचपली आणि आम्हाला समजावून सांगितलं. यांना नाही, मलाच, कारण हे खिडकीबाहेर बघत होते. ते म्हणाले, पायात शिरा दोन तऱ्हेच्या असतात, कातडीजवळच्या आणि आत खोल असलेल्या. ही कातडीजवळची. मार लागून ती आतून सुजलीय आणि तिच्यात रक्त गोठलंय, त्याची गुठळी झालीय. बहुतेक वेळा हे आपोआप बरं होतं. गरम पाण्याच्या फडक्यानं शेकायचं, पावलापासून वर गुडघ्यापर्यंत पट्टी गुंडाळायची, झोपताना पाय उशीवर घ्यायचा. चालायचं, पण एका जागी उभं राहायचं नाही. सूज उतरायच्या गोळ्या दिल्या.

"आणि चोळायचं नाही," ते म्हणाले. "तेल नाही, मालीश नाही, दाबणं नाही. कळलं? गुठळी आहे ती. ती तिथंच विरघळायला हवी."

मग त्यांनी पेन काढलं आणि ती कडक दोरी वर जिथं संपत होती तिथं यांच्या पायावर निळी रेघ मारली. ही रेघ बघत जा, म्हणाले. कडक भाग रेघेच्या वर सरकला तर या. ही शीर वर जांघेत जाऊन आतल्या मोठ्या शिरेला मिळते. गुठळी तिथवर गेली तर आत सुटू शकते, आणि आत सुटली तर ती थेट छातीत जाते. तसं वाटलं तर मोठ्या दवाखान्यात नेऊन जांघेजवळ ती शीर बांधून टाकायची, म्हणजे तिला पुढं जायला वाटच उरत नाही. छोटं ऑपरेशन असतं.

एवढं सगळं मला पहिल्या फटक्यात समजलं. मी काही फार शहाणी नव्हते. पाणी कुठून कुठं जातं हे शेतावर पाट फोडलेल्या कुणालाही कळतं. बाहेर आल्यावर मी यांना म्हटलं, "ऐकलं न्हवं? उभं राहायचं न्हाय." हे हसले. म्हणाले, "साचेवाल्याला उभं राहायचं न्हाय म्हणायचं म्हंजी माशाला पोहू नको म्हणायचं." आणि मला लिमलेटची गोळी घेऊन दिली, लहान पोरीला देतात तशी. मला राग आला होता, तरी ती मी खाल्ली.

निळी रेघ आंघोळीत गेली. मग मी काजळानं मारायला लागले. सकाळी हे उठले की मी पाय पुढं घ्यायला लावायची आणि बोटानं बघायची. अत्ती चुलीपुढून म्हणायची, "झाली का पूजा?" पहिले काही दिवस शेक, पट्टी, गोळ्या, सगळं नीट चाललं. कडकपणा कमी झाल्यासारखा वाटला. मी मनातल्या मनात त्या डॉक्टरांना हात जोडले. पण मिलमधून सुटी नव्हती, पाळी उभ्यानंच होत होती, आणि संध्याकाळी पट्टी सोडून हे सरावाला जात होते. पट्टी बांधून काठीखाली कसं जायचं? चारचौघं विचारणार, आणि पायाचं दुखणं असलेल्या माणसाच्या हातात काठी कोण देणार? म्हणून चाळीच्या कोपऱ्यावर पट्टी सोडायची, खिशात घालायची आणि परत येताना बांधायची. मला हे कळलं तेव्हा मी भांडले. भांडून काय होणार होतं? गाढवापुढं वाचली गीता.

मार्गशीर्षात एका सकाळी माझं बोट काजळाच्या रेघेच्या वर गेलं आणि कडक लागलं. मी परत चाचपलं. गुडघ्याच्या आतल्या अंगानं ती दोरी वर चढली होती. दुसऱ्या दिवशी आणखी. मांडीवर एक लाल पट्टा उठला होता, कुणी चाबूक मारावा तसा. मी यांचं बोट धरून तिथं ठेवलं. त्यांचं तोंड उतरलं. घाबरले होते, मला दिसलं. घाबरलेला माणूस शहाण्यासारखा वागेल असं मला वाटलं होतं, ते चुकलं.

डॉक्टरांनी या वेळी खुर्चीवरून उठून बघितलं. जांघ फक्त वीतभर राहिली होती. म्हणाले, "आजच भरती व्हा. मी चिठ्ठी देतो. शीर वर बांधून घ्या आणि आठवड्यात घरी या."

हे म्हणाले, "जत्रा झाली की येतो."

"जत्रा किती लांब आहे?"

"हाय की थोडी."

डॉक्टर चिडले. "अहो, जत्रा दरवर्षी येते. तुम्ही एकदाच आहात."

हे टेबलावरून खाली उतरले. बाहेर आलो. मी रस्त्यात यांचा हात धरला, तेव्हा तसं कुणी धरत नसे, आणि म्हटलं, मी पाया पडते, आत्ताच्या आत्ता टांगा करू. त्यावर हे जे बोलले ते मला अजून शब्दाला शब्द आठवतं. "मिलमधी मला नंबरानं हाक मारत्यात. मुकादम सुदिक नाव घेत न्हाय. वर्षातनं त्या काठीखाली तेवढा मी कोण हाय ते लोकास्नी कळतं. ते सोडून मी खाटेवर पडू? यंदा सोडली की पट्टा दुसऱ्याच्या घरी गेला, परत येत न्हाय. अक्षता पडल्या की दुसऱ्या दिवशी जातो. तुझी शपथ." माझी शपथ घेतली. माझी काय किंमत होती ते त्या शपथेवरूनच कळलं, असं मी तेव्हा त्यांना बोलले. आज वाटतं, भीतीपोटी घेतली असेल. सुरीची भीती आणि पट्ट्याची भीती यांत त्यांनी लहान कोणती ते चुकीचं ठरवलं.

घरी आल्यावर अत्तीनं विचारून विचारून सगळं काढून घेतलं. जांघेत चिरायचं म्हटल्यावर ती पदर तोंडाला लावून बसली. मग उठली, चपला घातल्या आणि बाहेर गेली. परत आली ती वस्तादांना घेऊनच.

वस्ताद दारातून वाकून आत आले. एवढा मोठा देह, आवाज मात्र मऊ. त्यांनी यांना लहानपणी मातीत खेळवलेलं होतं. मी दारातच उभी राहिले. सुनेनं वडीलधाऱ्या पुरुषासमोर तोंड उघडायचं नसतं, तरी म्हटलं, "वस्ताद, डॉक्टरांनी चोळू नका म्हणून निक्षून सांगितलंय. रक्ताची गुठळी हाय. सुटली तर छातीत जाती."

अत्ती म्हणाली, "डॉक्टरला काठीचं काय ठावं? कापायला बसल्यात नुसते. तू हो आत."

वस्तादांनी मात्र मला हाकललं नाही. ते यांच्याकडं वळले आणि म्हणाले, "बोल बाबा. काय करू?"

यांनी माझ्याकडं बघितलं. मग आईकडं बघितलं. मग सतरंजीवर उताणे झाले आणि लुंगी वर घेतली. एवढंच. कुणी हात धरून पाडलं नाही. गोष्ट सांगताना दोष कुणावर तरी टाकावासा वाटतो, आणि मी पुष्कळ वर्षं तो टाकून पाहिला, पण ही गोष्ट अशी आहे की प्रत्येकाच्या हातून थोडी थोडी झाली.

अत्तीनं तेलात ओवा आणि लसूण टाकून ते कढवलं आणि वाटीतून आणून दिलं. वस्तादांनी जांघेपासून खाली घोट्यापर्यंत अंगठा ओढायला सुरुवात केली. शीर चढलीय, तर वरून खाली उतरवायची, असा हिशेब. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, इथं तर औषधच रोगाला रस्ता दाखवत होतं. हे टॉवेल दातांत धरून घामानं भिजले होते. आमच्या पेठेत नावाजलेला काठीवाला, ओरडायचं नाही म्हणून डोळ्यांतून पाणी काढत होता. मी परसात जाऊन उभी राहिले. तिथंही आवाज येत होता, टॉवेलातून येतो तसा.

वस्ताद दोनदा आले. आणि खरं तेच सांगते, फरक पडला. मांडीवरची ती दोरी मऊ झाली, लाली ओसरली, हे नीट पाय टाकायला लागले. अत्तीनं वस्तादांना नारळ आणि टोपी दिली, चाळीत गूळ वाटला. "उतरली गं माझ्या लेकराची शीर," असं दारोदार सांगितलं. मी सकाळी काजळ घेऊन बसले तर बोटाला काही कडक लागेना. मला बरं वाटायला हवं होतं. मला नुसता प्रश्न पडला होता की एवढी मोठी गुठळी गेली कुठं. तो प्रश्न मी कुणाला विचारणार? घरात गूळ वाटला जात होता.

त्याच आठवड्यात यांच्या बरगडीत चमक निघायला लागली. श्वास घेतला की दुखायचं. अत्ती म्हणाली, वारा धरलाय. वीट गरम करून शेकली. जिना चढताना हे मधेच थांबायचे आणि भिंतीवरचा एखादा कागद वाचल्यासारखं करायचे. मी म्हटलं, आता तरी चला. "चार दिवस राहिलं गं," म्हणाले. त्यांना बोलताना धाप लागत होती आणि त्यांनी ती माझ्यापासून लपवली, हे मला सगळ्यात जास्त लागतं. जगापासून लपवायचं मी समजू शकते. मी तर रोज त्यांचा पाय हातात घेऊन बसलेली होते.

जत्रेच्या पहिल्या दिवशी उपास. पांढरी बाराबंदी, पांढरं धोतर, कपाळाला विभूती. मी वाटेवर गर्दीत उभी होते. यांची पाळी आली, पट्टा बांधला, काठी बसवली आणि जयजयकार झाला. कसे दिसत होते काय सांगू. मान ताठ, डोळे वर काठीच्या टोकाकडं. जेवढं अंतर ठरलेलं तेवढं चालले, एक पाऊल चुकलं नाही. दुसऱ्यानं काठी घेतल्यावर मात्र रस्त्याच्या कडेला बसले. ओठ निळसर झाले होते. लोकांनी उपरण्यानं वारा घातला. "उपास हाय, ऊन हाय," म्हणाले सगळे. पौषातलं ऊन ते, त्यानं कुणाला घेरी येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खोकले आणि तांब्याजवळच्या दगडावर थुंकले. थुंकीत रक्त होतं. मी बघितलं आणि त्यांनीही बघितलं. तरीही ते बाराबंदी घालायला लागले. अक्षतेचा दिवस होता. बंद बांधता बांधता ते खाटेवर बसले आणि मग त्यांना उठता येईना. मी धावत जाऊन टांगा आणला. अत्तीला वाटलं, तळ्याकडं न्यायला आणलाय. मी टांगेवाल्याला सांगितलं, मोठा दवाखाना, आणि घोडा पळव.

घोडा कुठं पळणार? गाव सगळं रस्त्यावर. पांढरे कपडे घातलेली माणसं तळ्याकडं लोटली होती. आम्ही गर्दीच्या उलट दिशेनं चाललो होतो. टांग्यात हे माझ्या खांद्यावर मान टाकून बसलेले, अंगावर बाराबंदी, कपाळावर विभूती. लोकांनी ओळखलं. "काठीवाले, काठीवाले" म्हणत वाट करून द्यायला लागले. वाट करून देत होते म्हणजे थांबत होते. बायका पुढं होऊन यांच्या पायाला हात लावत होत्या. एका म्हातारीनं त्या डाव्या पायावर कपाळ टेकवलं आणि उचलेचना. मी ओरडत होते, "अहो सोडा, दवाखान्यात न्यायचंय, मरतोय माणूस." जयजयकारात कुणाला ऐकू आलं नाही. ज्यांना आलं त्यांना वाटलं, बाईच्या अंगात आलंय.

यांनी एकदा डोळे उघडले. म्हणाले, "अक्षता पडल्या का?" मी म्हटलं, पडल्या. पडल्या नव्हत्या. दवाखाना यायच्या आधी, एका पिठाच्या गिरणीसमोर, माझ्या खांद्यावरचं वजन वाढलं. टांगेवाल्यानं मागं वळून बघितलं, आणि मग घोडा हळूच उभा केला.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात. विभूती फासून, हार घालून त्यांना भिंतीशी बसवलं, आणि दर्शनाला रांग लागली. अशी रांग मिलमधल्या साचेवाल्याला कधी लागत नाही. सगळे एकच म्हणत होते, केवढा पुण्यवान, काठी पेलली आणि अक्षतेच्या दिवशी देवानं बोलावून घेतलं. वस्तादही तेच म्हणाले, रडत म्हणाले. अत्ती त्यांच्याजवळ ताठ बसली होती. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "देवानं नेला माझा लेक. मला काय बोलायची सोय न्हाय." त्या बोलण्याचा तिला आधार आहे, हे मला दिसत होतं. मला मात्र ते ऐकून भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं. देवाचं नाव पुढं केल्यावर यांच्या पायाचं कोण ऐकणार?

दिवसकार्य झाल्यावर मी एकटीच मिलच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी मला ओळखलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकच विचारलं, "कुणी चोळलं होतं का?" मी हो म्हटलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, गुठळी तुटून छातीत गेली, आधी थोडी, मग मोठी. मी विचारलं, "वर बांधून घेतली असती तर?" ते म्हणाले, "तर बहुतेक आज कामावर असते."

घरी आले तर अत्ती शेजारणीला तेच सांगत होती, देवानं नेलं. शेजारीण गेल्यावर माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "देवानं न्हाय नेलं अत्ती. शिरेतल्या गुठळीनं नेलं. ती चोळून चोळून छातीत पाठवली. डॉक्टर म्हणाले, कापून घेतलं असतं तर आज कामावर असते." मला तिला दुखवायचं होतं, हे लपवत नाही. आणि मला आजही वाटतं की ते सांगायलाच हवं होतं. माणूस कशानं गेला एवढं तरी खरं त्याच्या घरात कुणीतरी बोलायला नको?

ती माझ्या अंगावर धावून येईल असं वाटलं होतं. ती आली नाही. तिनं चुलीकडं बघितलं. मग आपले दोन्ही तळवे उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाली, "तेल मी तापवून दिल्तं."

त्यानंतर ती बदलली. जेवण निम्मं झालं. मला टोमणे मारायचं सोडलं, आणि ते टोमणे नसलेलं घर किती भयाण असतं ते मला कळलं. मी विड्या वळायला लागले, तीही माझ्यासोबत पानं कातरायला बसायची. दिवस दिवस आम्ही दोघी तोंडातून शब्द काढत नसू. मी खरं सांगितलं होतं आणि त्या खऱ्याचं आता काय करायचं, हे मला माहीत नव्हतं. ते यांना परत आणत नव्हतं, मला जगायला बळ देत नव्हतं. नुसतं एका म्हातारीला आतून पोखरत होतं.

पुढच्या वर्षी पट्टा दुसऱ्या घरी गेला. जत्रेचे दिवस आले तशा पेठेतल्या दोन-चार बायका आमच्याकडं आल्या, यांच्या फोटोला हार घालायला. त्यातली एक वयस्क बाई अत्तीचे हात धरून म्हणाली, "अव्वा, तुमच्यासारखी माय व्हायला पुण्य लागतंय. हात धरून देवानं नेला की वो लेकाला." एरवी अशा वेळी अत्ती पदर सावरून बोलायला लागायची. या वेळी तिनं माझ्याकडं बघितलं. बोलू का, असं विचारल्यासारखं बघितलं. तिच्या घरात, तिच्या मुलाबद्दल, ती माझी परवानगी मागत होती.

बायका माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, "व्हय. देवानंच नेलं त्यांना."

मी खोटं बोलतेय हे तिला माहीत होतं. बायका फोटोकडं वळल्या, तेव्हा माझी सासू मला, तिच्या सुनेला, हात जोडून उभी होती.